मॉड्यूल विकता, तर कोडिंगही द्या

पिकअपच्या बीसीएमबद्दल (बॉडी कंट्रोल मॉड्यूल) वाचकांच्या इतक्या तक्रारी आल्या आहेत की या वेळचे संपादकीय त्याच विषयाला देत आहोत. पत्रे नाशिकची, बारामतीची, नारायणगावची, गाऱ्हाणे एकच. मॉड्यूल विकत मिळते, बसवताही येते, पण कोडिंग करून द्यायला कोणी तयार नाही.

नारायणगावच्या एका गॅरेजवाल्या सभासदाचे उदाहरण घ्या. ऐन टोमॅटोच्या हंगामात त्याच्या गॅरेजमध्ये पिकअप आली. वायपर आपोआप फिरत होते, पार्किंग लाइट बंद होत नव्हते, रोज सकाळी बॅटरी उतरलेली. स्कॅनरवर यू०१४०, म्हणजे बीसीएमशी संपर्क तुटलेला. पठ्ठ्याने सप्लाय, अर्थ आणि कॅनच्या दोन्ही वायरी तपासल्या; तिथे दोष नव्हता. मॉड्यूल उघडले तर पाणी शिरून बोर्डावरचे ट्रॅक हिरवे पडलेले. निदान पक्के झाले. मालकाचे आरसी बुक आणि ओळखपत्र दाखवून, पूर्ण रक्कम आगाऊ भरून अधिकृत विक्रेत्याकडून नवे मॉड्यूल आणले आणि बसवले.

नवे मॉड्यूल कोरे असते. त्यात व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) नसतो, व्हेरिएंट नसतो, चावीची ओळख नसते; हे सगळे त्यात भरणे म्हणजे कोडिंग. या गाडीत चोरी रोखणारा इमोबिलायझर बीसीएमच्याच ताब्यात, त्यामुळे इंजिन स्टार्ट होईना. विक्रेत्याने सांगितले, गाडी टो करून आणा. आणली, तर उत्तर मिळाले की बाहेर बसवलेल्या पार्टचे कोडिंग आम्ही करत नाही. मॉड्यूल आमचा माणूस काढेल, तोच परत बसवेल, मग कोडिंग होईल. फिटिंगची मजुरी वेगळी. पार्ट परत घ्या म्हटले, तर इलेक्ट्रॉनिक माल परत होत नाही, हे बिलावर छापलेले. तोवर मालकाचे भाडे बुडाले, क्रेट शेतातच राहिले आणि दोष मात्र आला गॅरेजच्या माथी.

काउंटरवर पैसे घेऊन विकलेला अस्सल पार्ट वर्कशॉपच्या दारात पोचताच ‘बाहेरचा’ कसा होतो? या प्रश्नाचे उत्तर आम्हाला कोणत्याही पत्रात सापडले नाही, कारण कोणत्याही सभासदाला ते लेखी मिळालेले नाही. नकार नेहमी तोंडी असतो. हीच यातली ग्यानबाची मेख आहे.

हा प्रश्न नवा नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार उत्पादकांना एकूण सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो याच प्रवृत्तीसाठी. सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांना उपलब्ध करून द्या, बाहेर काम केले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असे आदेशात स्पष्ट होते. त्यानंतर अपिले झाली, वर्षे गेली. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले. वाहन क्षेत्र त्यात आहे. पण पोर्टल माहिती देते, सक्ती करत नाही. बीएस-६ गाडीच्या इंजिनाचे उत्सर्जनाचे कोड साधा स्कॅनरही वाचतो, कारण तिथे नियमाचे बंधन आहे. बॉडीच्या कोडिंगला तसे बंधन नाही आणि कुलूप नेमके तिथेच लावलेले आहे.

कोडिंग खुले न करण्यासाठी चोरीचे कारण पुढे केले जाते. चावी आणि इमोबिलायझरचे कोड कोणाच्याही हाती पडू नयेत, हे आम्हालाही मान्य आहे. पण त्यावर उपाय निघालेला आहे. अमेरिकेत वाहन दुरुस्ती क्षेत्रातल्या नास्टफ या संस्थेच्या नोंदणीत पार्श्वभूमी तपासलेल्या कारागिरालाच हे कोड मिळतात आणि त्याच्या कामाची नोंद राहते. युरोपात सेर्मी योजनेखाली गॅरेज आणि तिथला कारागीर, दोघांचीही तपासणी करून मान्यता दिली जाते. आपल्याकडे अशी नोंदणी का नको? संबंधित अधिकाऱ्यांनी बैठका आणि समित्यांपलीकडे जाऊन याचे उत्तर द्यावे. नोंदणीसाठी लागेल ती पोलीस पडताळणी करून घ्यायला आमचे सभासद तयार आहेत.

आता थोडे आपल्याविषयी. कोड दिसला की मॉड्यूल बदला, ही सवय आपल्यातल्या अनेकांना आहे आणि तिच्यामुळे आपली बाजू लंगडी पडते. यू०१४० सांगतो की संपर्क तुटला. बीसीएम मेला, असे तो सांगत नाही. बॅटरी काढून ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजा. मध्ये गेटवे नसेल तर ६०च्या आसपास यायला हवेत. १२० आले तर लाइन कुठेतरी तुटली आहे किंवा एका टोकाचा रेझिस्टर गेला आहे. अर्थवरचा व्होल्टेज ड्रॉप लोड देऊन मोजा. टेललाइटच्या वायरीतून जोडलेला हूटर, टपावरचा एलईडी बार, काचेच्या रबरातून झिरपणारे पाणी, आधी ते पाहा. झिरपणे न थांबवता नवे मॉड्यूल बसवाल, तर पुढच्या पावसाळ्यात तेही जाईल. बॅटरी उतरत असेल तर गाडी लॉक करून अर्धा तास थांबा आणि मगच करंट मोजा. सगळी मॉड्यूल झोपल्याशिवाय घेतलेले करंटचे रीडिंग फसवे असते. जुने मॉड्यूल बोलत असेल तर काढण्यापूर्वी त्याचे कोडिंग वाचून ठेवा. आणि भंगार बाजारातले, दुसऱ्या गाडीचा व्हीआयएन असलेले मॉड्यूल बसवू नका. तसे केले तर चोरीचा बागुलबुवा उभा करणाऱ्यांच्या हाती आपणच कोलीत देतो.

आता कामाला लागा. कोडिंगची मागणी लेखी करा, पोच घ्या, नकारही लेखी मागा. तो मिळाला नाही तर त्याच दिवशी ईमेल करून नोंद ठेवा. गाडीमालकालाही सोबत घ्या: स्वतः गाडी चालवून पोट भरणारा पिकअपवाला २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकच ठरतो आणि १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार करू शकतो. स्पर्धा आयोगाकडे कलम १९ खाली माहिती दाखल करता येते. पण तिथे बिल, जॉबकार्ड, स्कॅन रिपोर्ट आणि टोइंगची पावती लागेल, नुसता संताप चालणार नाही. ही कागदपत्रे ज्यांच्याकडे आहेत त्यांनी त्यांच्या प्रती मासिकाच्या पत्त्यावर पाठवाव्यात. एकेकट्याची तक्रार काउंटरवरच जिरते. सगळ्यांच्या मिळून एकत्रित अर्ज करण्याची जबाबदारी आम्ही घेतो.