जन्माने मिळालेले पंख



दिवाळीनंतर आमच्याकडे दर शनिवारी दुपारी पाच मुलं जमतात. जेवणाच्या टेबलावर कागद, पेन्सिली आणि रंगीबेरंगी फासे. चार बाजूंचा फासा, आठ बाजूंचा, आणि एक चक्क वीस बाजूंचा. पहिल्याच शनिवारी सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच विचारलं, "सप्तव्यसनांत पहिलं कुठलं गं?" द्यूत, म्हटलं. "मग?" मग मी शेंगांची परडी घेऊन टेबलाच्या कोपऱ्याला जाऊन बसले आणि तीन तास बघितलं. पैसे नाहीत, पैज नाही, कुणी हरतही नाही. सगळे मिळून एक गोष्ट सांगतात आणि जिथे पुढे काय होईल ते ठरत नाही, तिथे फासा टाकतात. सासूबाईंना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं, पण सूर्यास्ताच्या आत आवरा." ते मुलं पाळतात. कांदा-बटाट्याशिवाय चिवडा छान लागतो हेही त्यांना एव्हाना पटलंय.

खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 1974 साली काढला. एकजण गोष्ट चालवतो, त्याला डंजन मास्टर म्हणतात. बाकीच्यांनी आपापलं एकेक पात्र घ्यायचं. पात्राचा जन्म कुठल्या जातीत, हे सुरुवातीलाच ठरवायचं. जात म्हणजे आपली जात नव्हे, प्राण्यांची असते तशी. 2024 च्या नव्या पुस्तकात अशा दहा आहेत: मनुष्य आहेत, बुटके आहेत, ड्रॅगनच्या वंशातले आहेत. आणि आमच्या धाकटीने घेतली ती 'आसिमार' म्हणजे अर्धे देवदूत.

या आसिमारांना अंधारात दिसतं. हाताला उजेड आणता येतो. नुसत्या स्पर्शाने जखम भरते. तिसऱ्या पायरीवर पोचलं की मिनिटभर पंख फुटतात आणि उडता येतं. हे सगळं जन्माने, शिकावं लागत नाही. खरं सांगते, मला आधी बरंच वाटलं. पाच मुलांत एकाने राक्षसी रक्ताचा, शिंगांचा 'टीफ्लिंग' घेतला होता, आमचीने देवाचा अंश घेतला. संस्कार दिसतात हो, असं मनातल्या मनात म्हणून घेतलं.

सासूबाईंना मात्र हे पटेना. "देवांना गर्भजन्म असतो का? ते उपपात शय्येवर तरुणच उत्पन्न होतात. मग अर्धा देव झाला कसा?" मुलगी पुस्तक घेऊन आली आणि म्हणाली, आजी, आईबाप साधी माणसंच असू शकतात, फक्त त्या जिवात वरच्या लोकाची ठिणगी असते. आजी म्हणाल्या, "ठिणगी म्हणजे काय? पुण्यकर्म म्हण की." तो वाद तिथे संपला.

माझा वाद मात्र तिथून सुरू झाला आणि तो खेळाशी नव्हता.

मुलीकडून त्या आसिमारांचा जुना इतिहास ऐकला. नव्वदच्या दशकात, 'प्लेनस्केप' नावाच्या जगात ते या खेळात आले. नंतर 2000 साली तिसरी आवृत्ती निघाली. त्या काळात आसिमारापुढे 'बहुधा सज्जन' आणि टीफ्लिंगपुढे 'बहुधा दुष्ट' असं छापलेलं असायचं. आसिमाराला जन्मतः शहाणपण जास्त, छाप जास्त. मग एकदा त्यांनी आसिमार काढून त्या जागी 'देवा' नावाची जात आणली. 2009 सालची गोष्ट. शब्द आपलाच. हे देवा मेले की पुन्हा जन्म घेतात, मागच्या हजार जन्मांची पुसट आठवण त्यांना असते आणि वाईट वागले तर पुढचा जन्म राक्षसाचा. हे ऐकून सासूबाई उठून बसल्या. त्यांना एकच दुरुस्ती करायची होती, की राक्षस हाही देवांतलाच एक प्रकार, व्यंतर देवांतला. तत्त्वार्थसूत्राच्या चौथ्या अध्यायात येतं, दशलक्षणात चौथ्या दिवशी आपण सगळ्याच ऐकतो. पण ऐकताना माझं लक्ष पाचव्या दिवसाच्या आमटीकडे असतं, त्यांचं नसतं.

2016 च्या पुस्तकात आसिमार परत आले. प्रत्येकाला स्वप्नात बोलणारा एक मार्गदर्शक देवदूत दिला, आणि तीन प्रकार केले. एक रक्षण करणारा. दुसरा असा, की त्याच्या अंगातला उजेड बाहेर पडला की समोरच्याला भाजतो आणि त्याला स्वतःलाही. तिसरा 'पतित'. आता 2024 मध्ये ही विभागणी काढली आहे आणि स्वभाव जन्मावर ठेवलेला नाही. शक्ती जन्माने येतात, पण सज्जन की दुर्जन ते खेळणाऱ्याने ठरवायचं.

नियम नवे असले तरी आमच्या मुलीने आपलं पात्र पतित ठरवलं. मी विचारलं, काय पाप केलं गं हिने? तेव्हा तिने पात्राची गोष्ट सांगितली. ती लिहिते आहे तशीच.

ही मुलगी एका खेड्यात जन्मली. डोळे सोनेरी, म्हणून गावाने लगेच ठरवलं की ही देवाची. आजाऱ्यांना तिच्याकडे आणायला लागले. तिच्या हाताने बरं वाटायचं. पण खेळाच्या नियमाने ही शक्ती दिवसातून एकदाच चालते, मग पूर्ण झोप होईपर्यंत नाही. एका दिवशी दोन माणसं आली. पहिल्याला तिने बरं केलं. दुसरी एक बाई होती, बाळ घेऊन. तिने हात लावला आणि काही झालं नाही. गाव म्हणालं, हिचं पुण्य संपलं, हिने काहीतरी केलं असणार. त्या रात्रीपासून देवदूताचा आवाज बंद झाला.

"म्हणजे ती पडलीच नाही," मी म्हटलं.

"नाहीच पडली, आई. तिचा फक्त त्या दिवसाचा कोटा संपला होता. पण कुणी विचारलंच नाही."

मैत्रिणींनो, हे ऐकून मी शेंगांची परडी घेऊन आत गेले, कारण मला काय आठवलं ते तिला दिसू द्यायचं नव्हतं.

ही मुलगी आम्हाला लग्नानंतर नऊ वर्षांनी झाली, मोठ्यानंतर सहा वर्षांनी. लहानपणापासून शांत. बस्तीत अभिषेकाला तासभर हलायची नाही. सगळ्या म्हणायच्या, स्वर्गातून च्यवून आलेला जीव आहे. मीही म्हणायचे, आणि अभिमानाने म्हणायचे. सातवीत असताना दशलक्षणात तिने पाच उपवास केले. हार, फोटो, पारण्याला गर्दी. कुणीतरी माईकवरून सांगितलं की या घरात देवकन्या आहे. पुढच्या वर्षी तिने दहा करायचे असं सगळ्यांनीच ठरवून टाकलं. तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही. तिसऱ्या दिवशी रात्री ती फ्रिजपाशी सापडली, दुधाचं भांडं हातात. मी ओरडले नाही. पण मी म्हटलं, "तू? तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती." दुसऱ्या दिवशी बस्तीत बायकांनी जे म्हटलं ते इथे लिहीत नाही. त्यानंतर चार वर्षं तिने एकही उपवास केला नाही. आम्ही म्हणायचो, कॉलेजची हवा लागली.

पोरीचा कोटा संपला होता एवढंच.

आता माझं मत. आपण मुलांना 'पुण्यवान जीव', 'देवाचं लेकरू' म्हणतो ते प्रेमाने म्हणतो, पण ते आपल्याच शास्त्राला धरून नाही. अवधिज्ञानाचं उदाहरण घ्या. देवांना ते जन्मानेच मिळतं, भवप्रत्यय. पण नुसतं देवांना नाही, नारकींनाही जन्मानेच मिळतं! दोघांना एकाच सूत्रात बसवलंय. माणसाला मिळालं तर ते गुणांमुळे, कर्माच्या क्षयोपशमामुळे. म्हणजे जन्माने आलेली शक्ती ही चांगुलपणाची खूण नाहीच. तो आसिमार आणि तो शिंगवाला टीफ्लिंग दोघांनाही अंधारात दिसतं, हे त्या खेळवाल्यांनी कुठलं सूत्र न वाचता बरोबर केलंय.

आणि देवगतीचं एवढं कौतुक तरी कशाला? देव एक उपवास करू शकत नाही. एक अणुव्रत घेऊ शकत नाही. सम्यग्दर्शन झालं तरी चौथ्या गुणस्थानापुढे पाऊल पडत नाही. देवांतही कुणी इंद्र, कुणी त्याचं वाहन होणारा आभियोग्य, तर कुणी किल्बिषिक, सगळ्यात खालचा. संयम पाळायचा असेल तर इंद्रालाही माणसाचाच जन्म घ्यावा लागतो. मग भूक लागलेल्या, झोप येणाऱ्या, दूध चोरणाऱ्या पोरीला आपण देवकन्या म्हणून नेमकं काय देतो? तिचा उपवास मोठा होता तो तिला भूक लागत होती म्हणून. देवकन्या म्हटलं की त्या उपवासाची किंमतच गेली.

काहीजणी विचारतील, त्या खेळात मारामारी असते त्याचं काय. असते. यशोधर राजाची गोष्ट मला माहीत आहे, पिठाचा कोंबडा मारला तरी किती भव भोगावे लागले. संकल्पी हिंसा ती हिंसाच. हे मी मुलीशी बोलले आणि माझं अजून पूर्ण समाधान झालेलं नाही. तिचं पात्र शस्त्र घेत नाही, बरे करणाऱ्याचं काम करते, एवढं तिने स्वतःहून ठरवलंय. बाकीच्या चौघांचं मी काय सांगणार! पण घरोघरी मोबाईलवर चाललेल्या गोळीबारापेक्षा हे मला कमी भीतीचं वाटतं, कारण इथे मारण्याआधी मुलं अर्धा तास वाद घालतात की मारावं का.

या पर्वात तिने एक एकासन केलं. एकच. कुणाला सांगितलं नाही, मला ताट वाढताना कळलं. मीही कुठे बोलले नाही, आता इथे लिहिते आहे तेही तिला विचारून. तिने सातवीतला भाग काढायला सांगितला होता, मग वाचून म्हणाली, राहू दे.

गेल्या शनिवारी एक मुलगा आला नाही म्हणून मला बसवलं. मी मनुष्य घेतला. मुलं म्हणाली, काकू, मनुष्याला काहीच नसतं, पंख नाहीत, अंधारातलं दिसत नाही, कशाला घेताय? मी म्हटलं, असू दे. मग गुहेत शिरायचं म्हणून मला मशाली विकत घ्याव्या लागल्या, एक तांब्याचं नाणं एकीला. पाच घेतल्या. धाकटी म्हणाली, अगं माझ्याकडे उजेड आहे की, पैसे कशाला घालवतेस. म्हटलं, तू दिवसभर किती जणांना पुरणार आहेस? तुझं तुला ठेव, मी माझी मशाल आणते.

पुढे गुहेत काय होतं ते अजून कळलेलं नाही. साडेपाच वाजले होते, पानं घ्यायची होती.