एका कानाचा जमाखर्च

आपल्याकडे कानात घालायच्या वस्तूंना फार मान आहे. कुडी असो की बुगडी, ती आजीकडून आईकडे आणि आईकडून सुनेकडे जाते. मधेच एखादी हरवली, तर सोनार उरलेली समोर ठेवून तिची जोडीदारीण घडवून देतो. कर्णाची कुंडले तर जन्माबरोबर आली आणि इंद्राने मागून नेली म्हणूनच गेली. त्यांची वॉरंटी संपल्याचे व्यासांनी कुठे लिहिलेले नाही.

या थोर परंपरेत आता हजार-बाराशे रुपयांचे बिनतारी इअरफोन येऊन बसले आहेत. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ना, तसेच! माझा त्यांच्यावर एक आरोप आहे, आणि तो आवाजाबद्दल मुळीच नाही. ही वस्तू विकत मिळते असे दुकानदार सांगतो. मी सांगतो, ती भाड्याने मिळते.

मी बँकेतला कारकून. जमेची बाजू न लिहिता खर्चाची लिहिली, तर ताळा जुळत नाही. तेव्हा आधी जमा. तारेचे इअरफोन घालून लोकलमध्ये शिरणे म्हणजे काय, ते ज्याच्या कानाला हिसका बसला त्यालाच ठाऊक. तार एकाच्या छत्रीत आणि दुसऱ्याच्या डब्याच्या पिशवीत अडकायची. मालक दादरला उतरायचा आणि त्याचे संगीत कल्याणला जायचे. बिनतारीत ही भानगड नाही. आमच्या घरी भाजी निवडता निवडता अख्खे कीर्तन ऐकून होते आणि शेजाऱ्यांना पत्ताही लागत नाही. या किमतीला आवाजही चांगला आहे. जमा संपली.

आता नावे बाजू. डबीवर ठळक अक्षरांत ‘ई.एन.सी.’ असे छापलेले असते. त्याने गोंगाट नाहीसा होतो, असा सगळ्यांचा समज. होतो हो, पण पलीकडच्या माणसाचा! ती करामत मायक्रोफोनची. तुम्ही फोनवर बोलताना तुमच्याभोवतीचा गलका पलीकडे जाऊ नये एवढ्यापुरती. तुमच्या कानातली लोकल तशीच धडधडत राहते, आणि तिच्यावर मात करायला तुम्ही आवाज वाढवत जाता. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 80 डेसिबेलचा आवाज मोठ्या माणसाने आठवड्याला 40 तास ऐकावा. 90 डेसिबेल झाला की फक्त 4 तास. रोज दोन तास प्रवास करणाऱ्याची ही शिल्लक मंगळवारी संध्याकाळीच संपते. आणि कान ही अशी बँक आहे, की जिथे ओव्हरड्राफ्ट मिळत नाही.

दुसरे असे, की ज्या मोबाइलमध्ये रेडिओ होता, त्यात इअरफोनची तारच अँटेना म्हणून काम करायची. तार गेली आणि तिच्याबरोबर फुकटची विविध भारतीही गेली. 2016 साली आयफोन 7 मधून इअरफोनचे गोल भोक बुजवण्यात आले आणि त्याच वर्षी त्याच कंपनीचे बिनतारी इअरफोन बाजारात आले. पुढे इतर अनेकांनी तोच कित्ता गिरवला. आधी विहीर बुजवायची आणि मग टँकर घेऊन दारात उभे राहायचे, या धंद्याला आमच्या बी.कॉम.च्या पुस्तकात नाव नव्हते. आमच्या गावात होते, पण ते छापण्यासारखे नाही.

पण हे सगळे किरकोळ. मुख्य कलम बॅटरीचे. कानातल्या एका बोंडाची बॅटरी साधारण 30 ते 50 मिलिअँपिअर-तासांची, म्हणजे मोबाइलच्या बॅटरीचा शंभरावा हिस्सा. ती काही शे वेळा चार्ज झाली की थकू लागते. यात कुणाचा दोष नाही. लिथियमच्या बॅटरीचा तो धर्मच आहे. दोष पुढे आहे. ती बॅटरी प्लास्टिकमध्ये चिकटवून कायमची बंद केलेली असते. स्पीकर धडधाकट, मायक्रोफोन धडधाकट, आणि सुपारीएवढ्या जिवातला एक कण थकला म्हणून सगळेच भंगारात.

माझ्याकडच्या जोडीतला उजवा चौदाव्या महिन्यात चाळीस मिनिटांतच धापा टाकू लागला. वॉरंटी बाराव्या महिन्यात संपलेली. अठराव्या महिन्यात त्याने राम म्हटला. दुरुस्ती केंद्रातला मुलगा फार नम्र होता. म्हणाला, “सर, हे उघडत नाही. एकटा मिळत पण नाही. नवीनच घ्या.” मी तिथेच घसारा काढला. किंमत 1,199, आयुष्य 18 महिने, भंगारमूल्य शून्य. महिना सुमारे 67 रुपये. याला भाडे नाही तर काय म्हणायचे?

आमचे चिरंजीव म्हणतात, “बाबा, हजाराच्या वस्तूची बॅटरी बदलायला पाचशे मागतील. कोण बदलणार?” पण पाचशे का मागतील, हे चिरंजीव विचारत नाहीत. वस्तू फोडून उघडावी लागते म्हणून! मनगटावरच्या घड्याळातला सेलही एवढासाच असतो. आमच्या कोपऱ्यावरचे घड्याळजी चहा निवायच्या आत तो बदलून देतात. पाणी आत जाईल म्हणावे, तर घड्याळ घालून माणसे पोहतातसुद्धा. म्हणजे लहान आहे म्हणून उघडत नाही, हे खरे नव्हे. उघडू नये असेच केलेले आहे.

आणि उघडेल असे करता येते. नेदरलँड्समधल्या फेअरफोन कंपनीने 2024 साली काढलेल्या इअरफोनमध्ये बोंडांची आणि डबीचीही बॅटरी घरच्या घरी बदलता येते. ते स्वस्त नाहीत, कबूल. पण झाकणाला सोने लागत नाही. युरोपीय संघाने तर 2023 च्या कायद्यात 18 फेब्रुवारी 2027 ही तारीखच घालून दिली: लहान उपकरणांतली बॅटरी, काही अपवाद सोडून, वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे. आपल्याकडे 2022 च्या नियमांनी बॅटऱ्यांचा कचरा गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. उत्तम झाले. पण ही तिरडीची सोय झाली. मी औषध मागतो आहे.

माझ्या मागण्या तीनच. बोंडाला झाकण असावे. एक हरवला तर एक मिळावा. आणि डबीवर किमतीशेजारी ‘एवढ्या चार्जिंगनंतर अर्धमेला होईल’ असे स्वच्छ छापावे. औषधाच्या बाटलीवर मुदत छापतात, बिस्किटाच्या पुड्यावर छापतात. मग हजार रुपयांच्या वस्तूला लाज कसली?

तोवर आपण एवढे करावे. दुकानदार “बास बघा सर, बास!” म्हणू लागला, की शांतपणे विचारावे, “एक हरवला तर एक देता का?” तो कानांवर हात ठेवील. त्याचे दुसरे गिऱ्हाईकही हाच प्रश्न विचारील, तिसरेही विचारील, आणि पाचशेवे विचारील तेव्हा कंपनीला ते ऐकू जाईल. सोनाराला जे जमते ते तिला जमू नये, असे काही नाही.