चार रुपये पगाराचा गोलंदाज

मागच्या पौर्णिमेला विहारात वंदना आटोपली आणि आम्ही चपला पायात घालत होतो, तेवढ्यात वस्तीतल्या एका ताईंनी आम्हांला थांबवले. ताईंचे यजमान जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडाच्या कारखान्यात भट्टीवर काम करतात. थोरला मुलगा आयटीआयला फिटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

"दादा, तुम्ही पेपरात लिवता, त्याला दोन शब्द सांगा," ताई म्हणाल्या. "रविवार आला की लेकरू घरात ठरंना झालंय. कधी अंबडला, कधी परतूरला, कधी मंठ्याला. कुणीबी गाडी पाठवतंय अन् हे चेंडू टाकायला जातंय. पाचशे रुपये आणतंय खरं, पण असं किती दिवस चालायचं?"

मुलगा मागेच उभा होता, मान खाली घालून. आम्ही त्याला ओळखतो. डावखुरा आहे, चेंडू चांगला वळवतो. टेनिस चेंडूच्या सामन्यांचे आपल्या जिल्ह्यात किती पेव फुटले आहे, हे वाचकांना सांगायला नको. जयंतीला सामने, गणपतीला सामने, पुढाऱ्याच्या वाढदिवसालाही सामने! बक्षिसाची रक्कम मोठी असली की गावोगावचे संघ बाहेरचे बॉलर, बाहेरचे बॅट्समन आणतात. हा मुलगा त्यांतलाच एक. आज एका गावाकडून खेळायचे, पुढच्या रविवारी त्याच गावाच्या विरुद्ध. हातातल्या कसबाची रोजंदारीच म्हणा ना!

जालन्याच्या पोरांना क्रिकेटचे स्वप्न पडते यात नवल काही नाही. आपल्या जालन्याच्या विजय झोलने १९ वर्षांखालील स्पर्धेत २०११ साली आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा काढल्या आणि २०१४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात तो भारताचा कर्णधार होता. हे नाव ताईंच्या मुलाला तोंडपाठ होते. आम्ही त्याला दुसरे एक नाव विचारले. बाळू पालवणकर. त्याने ते ऐकलेलेच नव्हते. ताईंनीही नाही. तेव्हा विहाराच्या पायरीवर बसून त्या मायलेकांना जे सांगितले, तेच आज या सदरात लिहीत आहोत.

बाळूंचा जन्म १८७६ सालचा, धारवाडचा. समाज चर्मकार. वडील लष्करात नोकरीला, म्हणून कुटुंब पुण्यात राहिले. शाळा लवकर सुटली आणि बाळू पुण्यात पारशी लोकांच्या क्रिकेट क्लबात कामाला लागले. काम काय, तर खेळपट्टी झाडायची आणि तिच्यावर रूळ फिरवायचा. पगार महिना तीन रुपये. पुढे ते गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात गेले, तिथे चार रुपये. एक रुपया वाढला आणि कामेही वाढली. खेळपट्टी तयार करायची, जाळ्या बांधायच्या, टेनिसच्या मैदानावर चुन्याच्या रेघा मारायच्या.

सरावाला साहेब लोकांना चेंडू टाकायला माणूस लागे. बाळू टाकू लागले. डावा हात, संथ चेंडू, पण टप्पा पडल्यावर कुठे वळेल याचा भरवसा नाही. ग्रेग नावाचा कॅप्टन त्या वेळी तिथला मोठा फलंदाज. आपल्याला बाद केले की तो दर वेळी बाळूंना आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. वाचकहो, हिशेब करून पाहा. साहेबाला आठ वेळा बाद केले की एका महिन्याचा पगार! असा माणूस रोज पहाटे ग्रेगची वाट पाहत असेल, तर त्याच्या हाताला वळण लागणारच.

मात्र पूना क्लबात शेकडो तास चेंडू टाकूनही फलंदाजी करायची संधी एकदाही मिळाली नाही, असे बाळूंनी पुढे आपल्या मुलाला सांगितले होते. घाम गाळणारा हात गोलंदाजाचा, बॅट मानाची. ती साहेबाकडे.

बाळूंचा लौकिक शहरात पसरला. पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचे होते आणि हरवू शकणारा माणूस अस्पृश्य निघाला! क्लबात वाद झाला, शेवटी बाळूंना घेतले. मैदानात ब्राह्मण खेळाडू बाळूंच्या हातचा चेंडू झेलत होते. तो चेंडूही चामड्याचा! पण चहाची वेळ झाली की बाकीचे आत बसून कपबशीत चहा पीत आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात मिळे. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या जागी. तोंड धुवायचे तर अस्पृश्य गडी मैदानाच्या कोपऱ्यात पाणी आणून देई. विटाळ चेंडूला होत नव्हता, कपाला होत होता.

याच काळात साताऱ्याच्या गोऱ्या संघाविरुद्ध बाळूंनी सात गडी बाद करून सामना जिंकून दिला. पुण्यात जाहीर सत्कार झाला. त्या निमित्ताने न्यायमूर्ती रानडे यांनी खेळाडूंना सुनावले, की ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर बसून खायला-प्यायला काय हरकत आहे? रानडे वारले १९०१ साली. म्हणजे ही गोष्ट महाडच्या चवदार तळ्याच्या पाव शतकाहून अधिक आधीची. बाळूंना कपबशी मिळाली ती अशी. आधी विकेट, मग विजय, मग मोठ्या माणसाचा शब्द आणि मग कप.

पुण्यात प्लेग आला तेव्हा बाळू मुंबईला गेले. तिथे रेल्वेत नोकरी लागली, रेल्वेच्या संघाकडूनही खेळले आणि हिंदू जिमखान्याकडूनही. धाकटे भाऊ शिवराम, गणपत आणि विठ्ठल हेही पुढे नामांकित खेळाडू झाले. फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्या सामन्यात बाळूंनी आठ गडी बाद केले. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला. बाळू तेव्हा पस्तिशीचे, तरी दौऱ्यात शंभरावर बळी घेऊन आले. भारताने पहिला कसोटी सामना खेळला १९३२ मध्ये, तेव्हा बाळू ५६ वर्षांचे होते. त्यामुळे कसोटीच्या यादीत त्यांचे नाव नाही. प्रथम श्रेणीचे ३३ सामने आणि १७९ बळी, एवढे पुस्तकात उरले आहे.

आणि कर्णधारपद? तेच तर! संघात त्यांच्याहून ज्येष्ठ आणि यशस्वी कोण होते? तरी वर्षामागून वर्ष कर्णधार दुसराच. १९२० साली तर कर्णधार पै आजारी पडले तेव्हा नेतृत्व देवधरांकडे गेले आणि बाळूंना संघातूनच वगळले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या भावांनी काय केले? दोघांनीही संघातून अंग काढून घेतले आणि जातीमुळे आमचा हक्क डावलला जातो, असे वर्तमानपत्रातून जाहीरपणे सांगितले. शंभर वर्षांपूर्वी, क्रिकेटच्या मैदानावर, दोन अस्पृश्य भावांनी केलेला हा बहिष्कार आहे. आपल्या मुलांना तो सहसा शिकवला जात नाही. पुढच्या सामन्याला पै परतले, बाळू उपकर्णधार झाले आणि पै मैदानाबाहेर गेले तेव्हा काही वेळ सूत्रे बाळूंच्या हाती आली. तेवढेच. १९२३ साली मात्र विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदूंनी युरोपियनांना हरवले. पुढे विठ्ठलनी 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र लिहिले.

इथपर्यंत ऐकून ताईंचा मुलगा खूश झाला. पण पुढचे सांगितल्याशिवाय बाळूंची गोष्ट पुरी होत नाही, आणि आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी बाळूंचे नाव होते तेही या पुढच्यासाठीच.

एके काळी बाबासाहेबांनाही बाळूंचा अभिमान होता. मुंबई महापालिकेवर बाळूंची नेमणूक व्हावी म्हणून त्यांनी खटपट केली होती. पण १९३२ मध्ये स्वतंत्र मतदारसंघाचा प्रश्न आला, तेव्हा बाळू एम. सी. राजांबरोबर विरुद्ध बाजूला उभे राहिले. पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३५ च्या येवल्याच्या घोषणेलाही त्यांनी विरोध केला. आणि १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत बाबासाहेबांविरुद्ध उमेदवार दिला तो बाळू पालवणकर! बाबासाहेबांना १३,२४५ मते मिळाली, बाळूंना ११,२२५. फरक २,०२० मतांचा. गिरण्यांच्या भागात खेळाडू म्हणून बाळूंना केवढा मान होता, हे या आकड्यांवरून कळते, आणि काँग्रेसने नेमके त्यांनाच का उभे केले तेही.

बाळूंच्या त्या राजकारणाचे समर्थन आम्ही करणार नाही. बाबासाहेबांच्या वाटेत उभे केलेले ते प्यादे होते, हे म्हणायला आम्हांला संकोच वाटत नाही. परंतु ते तसे का वागले, हा विचार आम्ही पुष्कळ केला आहे. या माणसाला आयुष्यात जे मिळाले ते कुणाच्या तरी मर्जीने मिळाले. साहेबाच्या मर्जीने आठ आणे, क्लबाच्या मर्जीने जागा, रानड्यांच्या शब्दाने चहा. आपण गुण दाखवत राहिलो की हे लोक एक दिवस कर्णधारपदही देतील, या आशेवर त्यांनी पंचवीस वर्षे चेंडू टाकला. भावाला ते मिळालेलेही त्यांनी पाहिले. महाडला आणि काळाराम मंदिराच्या दाराशी बाबासाहेबांना जे दिसले, ते बाळूंना दिसले नाही. ४ जुलै १९५५ रोजी बाळू वारले. नागपूरची दीक्षा त्यानंतर सव्वा वर्षाने झाली.

पण म्हणून त्यांचे १७९ बळी खोटे ठरत नाहीत. मैदान झाडणाऱ्या पोराने साहेबाची दांडी उडवली, ही आपल्या घरातली गोष्ट आहे. दुसऱ्या कुणी सांगण्याआधी आपण ती मुलांना सांगावी, १९३७ सकट सांगावी.

ताई मघापासून गप्प होत्या. त्यांनी एकच विचारले, "रेल्वेची नोकरी ठेवली व्हती ना त्यायनं?" आम्ही म्हटले, होय, ठेवली होती.

मग कामाचे बोलणे झाले. टेनिस चेंडूच्या सामन्यातला करंडक घरात शोभेला ठीक, नोकरीच्या अर्जाला तो चालत नाही. महाराष्ट्र सरकारच्या नोकरभरतीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, रेल्वेतही क्रीडा कोटा आहे. पण त्याला मान्यताप्राप्त स्पर्धेचे प्रमाणपत्र लागते आणि शासन ते तपासून घेते. त्यासाठी लेदरच्या चेंडूवर, जिल्ह्याच्या निवड चाचणीतून वर जावे लागते. ही चौकशी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात फुकट होते. पालकांनी मुलाला एकटे न पाठवता स्वतः सोबत जावे.

मायलेकांत ठरले ते असे. आयटीआयची परीक्षा होईपर्यंत महिन्यातून एकच रविवार. पाचशेतले तीनशे आईकडे. सोमवारी दोघे क्रीडा कार्यालयात जाणार.

निघताना आम्ही मुलाला सहज विचारले, "हे लोक तुला गाडी पाठवून नेतात, मग बॅटिंग कितव्या नंबरला देतात रे?"

तो हसला. "अकराव्या, काका."

"कधी मागितलीस का वरची?"

"नाही मागितली," तो म्हणाला. मग चप्पल पायात सरकवत थोडा थांबला. "ह्या रविवारी मागून बघतो."