शुश्रूषा करणारा यंत्रमानव: संमती कोणाची?

एप्रिल 2020 मध्ये केरळमधील एर्नाकुलमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ‘कर्मी-बॉट’ नावाचा यंत्रमानव करोना कक्षात रुजू झाला. रुग्णांना जेवण व औषधे पोहोचवणे, कचरा गोळा करणे, पडद्यावर डॉक्टरांची भेट घडवणे ही त्याची कामे. त्याच्याविषयी नैतिक शंका घेण्याचे कारण नव्हते. ताट आणणारे ते यंत्र आहे, हे रुग्णाला ठाऊक होते. परिचारिकांचा संसर्गाचा धोकाही त्यामुळे कमी होत होता.

‘पारो’ची गोष्ट वेगळी आहे. जपानी संशोधक ताकानोरी शिबाता यांनी घडवलेले हे सीलचे पांढरे, मऊ पिल्लू. स्पर्श, प्रकाश, आवाज आणि तापमान ओळखणारे संवेदक त्याच्या अंगात आहेत. कुरवाळले की ते प्रतिसाद देते, हाक मारली की मान वळवते. कुत्रा किंवा मांजर न निवडता सील निवडण्यामागे चतुर विचार होता. खरा सील कोणी जवळून हाताळलेला नसतो, त्यामुळे तुलना होत नाही आणि नक्कल खटकत नाही. अमेरिकेत 2009 मध्ये त्याला वैद्यकीय उपकरणाचा दर्जा मिळाला. आपण यंत्र कुरवाळत आहोत हे निरोगी माणसाला कळते. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला ते कळेलच असे नाही, आणि ‘पारो’चा मुख्य वापर त्यांच्यासाठीच होतो.

आता कोणी म्हणेल, यात बिघडले काय? वारलेल्या पतीची वाट पाहणाऱ्या सासूला ‘येतील संध्याकाळी’ असे सांगणारी सूनही खोटेच बोलते. खरे आहे, आणि तिला दोष देण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाच नाही. परंतु ती समोरचा चेहरा पाहून बोलते. उद्या तेच उत्तर सासूला अधिक बेचैन करू लागले, तर ती विषय बदलते, हात धरून बसते. त्या असत्याचा भार तिच्या मनावर असतो. यंत्रातील असत्य मात्र कारखान्यातच, सर्वांसाठी एकसारखे भरलेले असते आणि त्याचा भार कोणावरच नसतो.

येथे ऑस्ट्रेलियातील एक मोठी चाचणी विचारात घेण्यासारखी आहे. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत 28 शुश्रूषागृहांतील 415 वृद्ध सहभागी होते. काहींना चालू ‘पारो’ दिला, काहींना यंत्रणा बंद केलेला, म्हणजे निव्वळ मऊ खेळणे. नेहमीच्या देखभालीच्या तुलनेत चालू ‘पारो’ने अस्वस्थता कमी झाली; वृद्ध त्याच्याकडे अधिक पाहत, त्याच्याशी अधिक बोलत. मात्र अस्वस्थता शमवण्यात तो बंद खेळण्याहून सरस ठरला नाही. मला हा निष्कर्ष फार बोलका वाटतो. मांडीवर काहीतरी ऊबदार असण्याची गरज खरी आहे; त्यासाठी जिवंतपणाचा आभास कितपत हवा, हा प्रश्न खुला आहे.

भारतात 60 वर्षांवरील सुमारे 88 लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. त्यांची शुश्रूषा बहुतांश घरीच होते: पत्नी, मुलगी, सून, नाहीतर तुटपुंज्या पगारावरील आया. त्यांच्या कमरा मोडतात त्या रुग्णाला उचलण्याने आणि कुशीवर वळवण्याने. जपानच्या ‘रिकेन’ संस्थेने 2015 मध्ये अस्वलाच्या तोंडवळ्याचा ‘रोबेअर’ दाखवला तो नेमक्या याच कामासाठी, अर्थात प्रयोग म्हणून. आपल्याकडील सार्वजनिक पैसा आधी उचलणाऱ्या यंत्रांवर खर्च व्हावा, असे माझे मत आहे. प्रेमाचा अभिनय करणारे यंत्र विकत घेताना दिलासा बहुधा दूर राहणाऱ्या मुलांना मिळतो, आणि संमतीही तीच देतात.

ज्याच्या मांडीवर ते बसणार, त्याला विचारण्याची सोय आपल्या कायद्यात आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 च्या कलम 5 नुसार, आपली काळजी कशी घेतली जावी आणि कशी घेतली जाऊ नये, हे प्रौढ व्यक्ती आगाऊ लिहून ठेवू शकते. कायद्याच्या व्याख्येत स्मृतीचे आणि दिशाभानाचे गंभीर विकारही येतात. निदानानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत, माणूस अजून आपले मत नीट मांडू शकतो तेव्हाच, डॉक्टरांनी हा कागद पुढे ठेवावा. त्यात औषधे आणि रुग्णालय यांच्या जोडीला आणखी एक प्रश्न असावा: पुढे मला ओळख पटेनाशी झाली, तर यंत्राला जिवंत समजून मी त्याच्याशी बोललेले मला चालेल का? काही जण आनंदाने ‘हो’ लिहितील. ‘नाही’ लिहिणाऱ्याच्या घरी मग ते यंत्र येता कामा नये, मुलांनी कितीही आग्रह धरला तरी.