डबा मागे, डोकं ठिकाणावर!

स्कूटरला सीटखाली डिक्की असते. इलेक्ट्रिक बाइकला ती नसते किंवा असली तरी नावापुरती. कारण मधली जागा बॅटरीने खाल्लेली. मग पाठीवर लॅपटॉप, हँडलला डबा आणि मांडीवर जर्नल अशी तुमची वरात कॉलेजला निघते. अशा वेळी मागे कॅरिअर लावून टॉप बॉक्स बसवायचं मनात आलं, तर त्यात वावगं काहीच नाही. पाठ सुटते, पावसात पुस्तकं कोरडी राहतात. प्रश्न एवढाच, की तो बसवणार कसा?

'कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडे दोन पट्ट्या मारून घेऊ' हे उत्तर असेल, तर जरा थांबा. या गाडीत कंट्रोलर, सेन्सर आणि बॅटरीच्या केबल्स आहेत. ड्रिल कुठे शिरेल ते बाहेरून दिसत नाही. वेल्डिंगचा करंट इलेक्ट्रॉनिक्सचा जीव घेऊ शकतो. वर वॉरंटीचं भांडण वेगळंच. म्हणून तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेलं, मूळ बोल्टच्या जागी बसणारं कॅरिअर घ्या. नसेल मिळत, तर बॅग पाठीवरच बरी.

आता वजनाचं गणित. समजा दोन चाकांमधलं अंतर १३५ सेंमी आहे आणि भरलेला डबा ९ किलोचा. तो मागच्या आसाच्या ३० सेंमी मागे असेल, तर मागच्या चाकावर ९ नाही, ११ किलो भार येतो आणि पुढच्या चाकावरचा २ किलोने कमी होतो. डबा जितका मागे सरकेल, तितकं पुढचं चाक हलकं. घाटातल्या वळणावर हे जाणवतं. म्हणून कॅरिअरवर लिहिलेली मर्यादा पाळा. जड वस्तू डब्यात तळाशी आणि सीटच्या बाजूला ठेवा. मागे मित्र बसणार असेल, तर त्याचंही वजन मॅन्युअलमधल्या एकूण मर्यादेत धरा. पडलात तर दोघं पडाल!

तिसरा हिशेब वाऱ्याचा. वेग ६० वरून ८० केला, की हवेचा अडथळा जवळपास पावणेदोनपट होतो. त्यात मागे चौकोनी डबा. दिवाळीला पुण्याहून साताऱ्याला निघालात, तर स्क्रीनवरच्या रेंजवर डोळे मिटून विसंबू नका. डबा लावल्यावर आधी रोजच्या रस्त्यावर किती टक्के चार्ज लागतो ते बघा आणि मगच लांबचा बेत आखा.

टेललाइट, इंडिकेटर, नंबरप्लेट झाकली जाणार नाही, हेही बसवतानाच तपासा. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा, कारण खड्डे ते सैल करतात.

जुगाड आपल्या रक्तात आहे, मान्य. पण भर रस्त्यात सुटलेला डबा मागून येणाऱ्याच्या चाकाखाली जातो. त्याने तुमचं काय घोडं मारलंय?