राज्यमाशाचा मान आणि डोलीचा खोला

सप्टेंबर 2023 मध्ये महाराष्ट्र शासनाने पापलेटाला राज्यमाशाचा दर्जा दिला. शेकरू, हरियाल आणि ताम्हण यांच्या पंक्तीत एक मासा येऊन बसला, याचे किनाऱ्यावर स्वागत झाले, ते योग्यच होते. मात्र शेकरू कोणी ताटात वाढून घेत नाही. पापलेटाचा मान आणि पापलेटाचा भाव या दोन गोष्टी एकाच टोपलीत राहणार असल्यामुळे या सन्मानाचे पुढे काय होते, हे पाहणे अगत्याचे ठरते.

कोळी ज्याला सरंगा म्हणतात तो हा मासा इराणच्या आखातापासून पूर्वेला इंडोनेशियापर्यंत आढळतो. खडकाळ तळ त्याला मानवत नाही. मऊ चिखलाचा तळ असलेला, किनाऱ्याजवळचा उथळ समुद्र हे त्याचे घर होय. पाच मीटरपासून शंभर-सव्वाशे मीटर खोलीपर्यंत तो थव्याने वावरतो. तोंड अगदी लहान. खाद्य म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव आणि लिबलिबीत जेलीमासे. ते दळण्यासाठी निसर्गाने त्याच्या घशामागे दातेरी पिशव्या दिल्या आहेत. मुंबईच्या उत्तरेकडे समुद्राचा मंच रुंद, तळ गाळाचा आणि भरती-ओहोटी जोरकस. पालघर जिल्ह्यातील सातपाटीचे नाव पापलेटाशी जोडले गेले, त्यामागे कोळ्यांच्या कौशल्याइतकाच या भूगोलाचाही वाटा आहे.

परंतु हाच भूगोल माशाच्या मुळावर येतो. ज्या उथळ, गढूळ पाण्यात कोवळे पापलेट वाढते, त्याच पाण्यात डोल लावली जाते. डोल म्हणजे प्रवाहाच्या तोंडाशी जखडलेली मोठी पिशवी. तिच्या शेवटच्या भागाची, खोल्याची, आस इतकी बारीक असते की प्रवाहाबरोबर आत येणारा लहानमोठा प्रत्येक जीव तेथे अडकतो. दालदा जाळ्याची आस मोठी असल्याने लहान मासा निदान निसटून तरी जातो. डोलीला अशी निवड ठाऊक नाही.

शासनाने 2023 मध्येच 54 जातींसाठी किमान आकारमान ठरवून दिले. पापलेटासाठी ते 135 मिलिमीटर आहे. हेतू स्तुत्य आहे, यात शंका नाही. पण लांबी मोजायची कधी? खोला होडीत रिकामा होतो तेव्हा त्यातले लहान पापलेट बहुधा मेलेले असते. ते परत टाकले काय आणि बंदरावर आणून दंड भरला काय, समुद्राच्या दृष्टीने हिशेब एकच. शिवाय या माशाचे शरीर ताटासारखे चपटे आणि उंच. ज्या आसेतून तेवढ्याच लांबीचा सडपातळ मासा सहज निसटेल, तिच्यात हा अडकतो. सर्व माशांना एकच माप लावून केलेले नियम येथे अपुरे पडतात. खोल्याची आस आणि जाळे लावण्याचा काळ, या दोहोंवर बंधन आले तरच कोवळा मासा जिवंत राहील.

काळाचा प्रश्न तर अधिकच बोलका आहे. पापलेटाचा प्रजननकाळ उन्हाळ्यात सुरू होऊन पावसाळ्यातही चालू राहतो. साहजिकच ऑगस्टमध्ये किनाऱ्याजवळ त्या हंगामाची पिल्ले असतात. पूर्वी कोळी नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून मगच होड्या लोटत. 1981 च्या सागरी मासेमारी नियमन अधिनियमाखाली पुढे इंग्रजी तारखा आल्या. 2023 साली, अधिक श्रावणामुळे, नारळी पौर्णिमा 30 ऑगस्टला पडली. बंदी मात्र 31 जुलैलाच संपली होती. म्हणजे ज्या वर्षी पापलेट राज्यमासा झाले, त्याच वर्षी जुन्या रिवाजाने त्याला मिळाला असता असा महिनाभराचा अवधी कागदावरच्या तारखेने हिरावून घेतला.

बंदी वाढवावी ही मागणी मच्छीमारांतूनच अनेकदा झाली आहे, हे विसरून चालणार नाही. तथापि डोलकरालाही पोट आहे. दोन महिने घरी बसलेल्या माणसाला आणखी पंधरवडा थांबायला सांगायचे, तर त्या पंधरवड्याचा खर्च कोणी तरी उचलला पाहिजे. राज्यमाशाच्या घोषणेत त्या खर्चाचा उल्लेख नव्हता. आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, दोन महिन्यांच्या खंडानंतर बाजारात गेलेले गिऱ्हाईक कल्ला उचलून ताजेपणा पाहते, भावाची घासाघीस करते आणि तळहातापेक्षा लहान पापलेटांचा वाटा स्वस्त पडला म्हणून समाधानाने घरी नेते.