मदतीचा मजकूर आणि अंध वाचक

राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी एका विसंगतीवर नेमके बोट ठेवले. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सुगम्यता बंधनकारक मानतो. २०१७ च्या नियमांतील पंधराव्या नियमाने मात्र तिला शिफारशीचे रूप दिले होते. ३० एप्रिल २०२५ रोजी त्याच न्यायालयाने संगणकीय सेवांचा वापर हा जीविताच्या हक्काचा भाग ठरविला. दोन्ही निकाल स्वागतार्ह आहेत. प्रश्न आहे तो, अडलेल्या अंध कारकुनाने मदतीसाठी एफ-१ ही कळ दाबल्यानंतर काय घडते, हा.

डोळस माणूस पानावरून नजर फिरवितो आणि हवी ती ओळ क्षणात टिपतो. स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला मजकूर आवाजाच्या रूपाने, एकामागून एक शब्द असा मिळतो. म्हणून त्याला उड्या माराव्या लागतात. एनव्हीडीए या प्रणालीत ‘एच’ दाबले की पुढचे शीर्षक येते, ‘के’ने दुवा, ‘टी’ने तक्ता. परंतु लेखकाने शीर्षकाची रीतसर खूण न करता अक्षरे केवळ मोठी व ठळक केली असतील, तर यंत्राच्या लेखी ते शीर्षकच नसते. मग चाळीस पानांची पुस्तिका पहिल्या ओळीपासून ऐकणे आले. त्यात “चित्रात दाखविल्याप्रमाणे निळे बटण दाबा” अशी सूचना आणि चित्राचे वर्णन नाही! मराठीत आणखी एक विघ्न आहे. युनिकोडपूर्व फाँटांतला मजकूर पडद्यावर देवनागरी दिसतो, पण आत रोमन लिपीचे संकेत असल्यामुळे कानी पडतो तो निव्वळ गोंगाट. स्कॅन करून चढविलेल्या परिपत्रकात तर अक्षरेच नसतात, असते ते कागदाचे छायाचित्र.

साधन महाग आहे, ही सबब आता चालण्यासारखी नाही. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील अंध तरुणाने २००६ मध्ये सुरू केलेली एनव्हीडीए विनामूल्य मिळते. खर्च उरला आहे तो पुस्तिका लिहिणाऱ्याच्या थोड्या श्रमांचा. तो ते वाचवितो आणि त्याची किंमत प्रत्येक अंध वाचक तासातासांनी मोजतो. अर्थशास्त्रात यालाच बाह्य व्यय म्हणतात. आणि बाह्य व्यय सद्भावनेने क्वचितच मिटतात.

“शेजारचा सहकारी सांगेलच की,” असे म्हटले जाते. सांगेलही, बापडा. पण शासकीय नोकऱ्यांत अंध व अल्पदृष्टी उमेदवारांसाठी एक टक्का जागा राखून ठेवावयाच्या आणि रुजू झालेल्याला प्रत्येक अडचणीत शेजाऱ्याचा मिंधा करावयाचे, यात कसले धोरण आहे? शिवाय कामाला लागलेला विलंब गोपनीय अहवालात नोंदला जातो तो त्याच्या नावावर, पुस्तिकेच्या नव्हे.

यावर उपाय खरेदीच्या टप्प्यावरच शक्य आहे. संगणकप्रणालीच्या निविदेत एक अट घालावी: सोबतची मदतपुस्तिका एखाद्या अंध कर्मचाऱ्याने माउसला हात न लावता वापरून पाहावी आणि त्याची लेखी संमती मिळेपर्यंत पुरवठादाराचे अखेरचे देयक रोखून धरावे.